लखुजीराव: सिंदखेडची तलवार

जपानच्या क्यूशू बेटावर कुमामोतो शहराजवळच्या डोंगरात रेइगांदो नावाची एक गुहा आहे. १६४३ साली साठीला टेकलेला एक तलवारबाज तिथे जाऊन बसला आणि पुढच्या दोन वर्षांत त्याने आयुष्यभराची विद्या कागदावर उतरवली. मियामोतो मुसाशी त्याचे नाव. पहिले द्वंद्व तेराव्या वर्षी, तिशीच्या आत साठाहून जास्त द्वंद्वे आणि एकातही हार नाही, असा हिशेब त्याने स्वतःच ग्रंथाच्या सुरुवातीला दिला आहे. १६१२ साली एका चिमुकल्या बेटावर सासाकी कोजिरोशी झालेली त्याची झुंज जपानमध्ये पोरासोरांनाही पाठ असते. होडीच्या वल्ह्यातून तासलेली लाकडी तलवार घेऊन तो किनाऱ्यावर उतरला, असे लोक सांगतात. १६४५ मध्ये तो वारला. ‘गोरिन नो शो’ हा त्याचा ग्रंथ मात्र आजही वाचला जातो. १९३५ ते १९३९ या काळात एइजी योशिकावा यांनी त्याच्यावर वृत्तपत्रातून कादंबरी लिहिली, मग चित्रपट निघाले, चित्रमालिका निघाल्या. महाराष्ट्रातल्या किती तरी तरुणांनी मुसाशीचे नाव या वाटेने ऐकलेले असते.

मुसाशी गावोगाव द्वंद्वे खेळत फिरत होता, त्याच वर्षांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडला दख्खनमधल्या सर्वांत मोठ्या मराठा सरदाराची पागा उभी होती. लखुजीराव जाधव हे त्या सरदाराचे नाव. मुघलांच्या कागदपत्रांत ते ‘जादोराय’ म्हणून भेटतात. आपण त्यांना जिजाऊंचे वडील आणि शिवरायांचे आजोबा म्हणून ओळखतो, आणि बहुतेक वेळा ओळख तिथेच संपते. हे प्रकरण लखुजीरावांना त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखू पाहणारे आहे.

मुसाशीला इथे आणले ते थोर कोण हे ठरवण्यासाठी नव्हे. दोघेही तलवारीवर जगले, दोघांचा काळ एक. तरी एकाने ग्रंथ मागे ठेवला आणि दुसऱ्याला त्याच्याच धन्याने दरबारात बोलावून मारले. हा फरक मनगटाच्या ताकदीतून आलेला नाही. तलवार कोणत्या व्यवस्थेत चालते, यातून तो आला, असे मला वाटते.

१६०० हे साल घ्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांनी जपानमध्ये सेकिगाहाराची लढाई झाली आणि तोकुगावा घराण्याच्या हाती देश आला. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि तिथली मोठी युद्धे थांबली, ती अडीचशे वर्षे. शेतकऱ्यांकडची शस्त्रे तर त्याआधी, १५८८ मध्येच, हुकूम काढून जमा केलेली होती. युद्ध नाही, पण सामुराई आहेत, अशी स्थिती आली. मग तलवार शाळेत गेली, घराण्याघराण्यांच्या पद्धतींत गेली, चिंतनात गेली. मुसाशीला गुहेत बसून लिहिता आले, कारण बाहेर शांतता होती आणि कुमामोतोच्या होसोकावा घराण्याने त्याला आसरा दिला होता.

दख्खनमध्ये १६०० नंतर उलटेच घडले. राजधानीचा किल्ला गेला तरी अहमदनगरची निजामशाही मेली नाही. मलिक अंबर या हबशी वजिराने ती पुढे २६ वर्षे जगवली आणि त्यासाठी मराठा घोडदळ वापरले. मुघल उत्तरेकडून येत, विजापूरकर दक्षिणेकडून येत, आणि या तिघांच्या ओढाताणीत ज्याच्याकडे घोडी आणि माणसे असत, त्याला तिन्ही दरबारांतून बोलावणी येत. लखुजीरावांचे मोठेपण आणि त्यांचा घात, दोन्हींची बीजे इथे आहेत.

सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांच्या वंशातले मानत. सिंदखेडची देशमुखी लखुजीरावांकडे होती. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिताना नोंदवले आहे की निजामशाहीत त्यांच्या तोडीचा दुसरा मराठा सरदार नव्हता आणि त्यांची जहागीर १०,००० घोडेस्वारांच्या खर्चासाठी दिलेली होती. या आकड्यामागची रचना नीट समजून घेतली पाहिजे, नाही तर पुढचे काहीच कळणार नाही.

देशमुखी हे वतन. परगण्याचा वसूल गोळा करायचा, गावगाड्याचे तंटे सोडवायचे, लागवड वाढवायची आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा. बापाकडून मुलाकडे जाणारी ही गोष्ट. राज्य बदलले तरी सहसा तीच राहणारी. जहागीर किंवा मोकासा हे वेगळे प्रकरण. सुलतानाने अमुक गावांचा वसूल तोडून द्यायचा आणि सरदाराने त्यातून तमुक घोडेस्वार बाळगायचे. ही नेमणूक सुलतानाच्या मर्जीवर. मर्जी फिरली की गावे गेली. पण घोडी मात्र सरदाराची, स्वार सरदाराने निवडलेले, त्यांच्या घरची लग्नकार्ये, आजारपणे, कर्जे सरदाराच्या माथी. स्वतःचे घोडे-हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार आणि धन्याच्या पागेतले घोडे वापरणारा तो बारगीर. दहा हजार स्वारांची जहागीर म्हणजे दहा हजार चुली. सुलतानाने वसूल अडवला तर या चुली कशा पेटायच्या, हे कोडे सरदाराला रोज सोडवावे लागे.

म्हणून त्या काळातले सरदार एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेले की आजच्या मापाने त्यांना फितूर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांची निष्ठा पहिल्यांदा वतनाशी आणि आपल्या पथकाशी होती. सुलतान हा करारातला दुसरा पक्ष होता. करार सांभाळला तर चाकरी, मोडला तर घोडी दुसऱ्या दावणीला. सुलतानांनाही हे ठाऊक होते, आणि त्यांच्या मनातली भीतीही हीच होती.

आता तलवारीकडे येऊ. मुसाशीच्या हातातली काताना एकधारी, किंचित बाकदार, दोन्ही हातांनी पेलायची. ढाल नाही. पाते घडवताना लोहार त्यावर मातीचा लेप देत, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. तापवून पाण्यात बुडवले की धार झटकन थंड होऊन कडक होई आणि पाठ चिवट राही. मुसाशीची खासियत अशी की त्याने दोन हातांत दोन तलवारी, एक लांब आणि एक आखूड, चालवण्याची पद्धत बसवली.

दख्खनी सरदार घोड्यावरचा लढवय्या. एक हात लगामाला आणि ढालीला गुंतलेला, म्हणून तलवार एकाच हाताने चालवायची. बाकदार पाते घोड्याच्या वेगात ओढून कापायला सोयीचे. सरळ, लांब पात्याची धोप भोसकायलाही कामी येई. युरोपातून आलेली पाती पोर्तुगीजांच्या बंदरांतून दख्खनमध्ये पोचत आणि त्यांवर इथल्या मुठी चढत. अशा तलवारीला फिरंग म्हणत. मुठीवर बोटांच्या रक्षणासाठी परज असे, म्यानाच्या तोंडाशी मोहनाल आणि टोकाशी तहनाल असे. पोलाद मात्र दख्खनचेच जगप्रसिद्ध होते. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मातीच्या मुशीत लोखंड आणि कर्बयुक्त पदार्थ बंद करून तासन् तास भट्टीत ठेवत. त्यातून निघणाऱ्या पोलादाच्या वड्या विकत घ्यायला इराणी व्यापारी तिथवर येत. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आपोआप उमटे.

आणि पट्टा. हे हत्यार खास आपल्याकडचे. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात घालायचा आणि आतली आडवी मूठ धरायची. पुढे लांबलचक, दुधारी, लवचिक पाते. यात मनगट बांधले जाते, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. माणूस स्वतःभोवती गिरक्या घेत पाते फिरवतो आणि चहूकडून चालून आलेल्यांना दूर ठेवतो. एकास एक द्वंद्वासाठी जपानी पद्धत घडली, आणि गर्दीतून वाट काढण्यासाठी आपली. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात पट्ट्याचे हात अजून शिकवले जातात. पण मुसाशीसारखा, वार कसा रचायचा आणि मन कुठे ठेवायचे हे सांगणारा ग्रंथ लखुजीरावांच्या पिढीतल्या कोणी लिहिला नाही. त्यांना उसंत मिळाली नाही, हे त्याचे मुख्य कारण.

१२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडला लखुजीराव आणि म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊ जन्मल्या. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादुरजी हे त्यांचे भाऊ. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रंगपंचमीच्या दिवशी दोन मुलांनी एकमेकांवर रंग टाकला, लखुजीराव कौतुकाने ‘जोडा शोभतो’ म्हणाले आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला, ही कथा बखरींनी घराघरांत पोचवली आहे. सिंदखेडचा रंगमहाल याच आठवणीशी जोडला जातो. कथेतला रंग बाजूला ठेवला तरी तिच्यातले सामाजिक सत्य उरतेच: जाधव मुरलेले, भोसले उगवते. या सोयरिकीने निजामशाहीतली दोन मातब्बर घोडदळे एका मांडवाखाली आली.

हा मांडव एके दिवशी दरबाराच्या दारात कोसळला. प्रसंग कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात सविस्तर आला आहे, आणि लखुजीरावांच्या तलवारीचे दर्शन आपल्याला होते ते मुख्यतः इथे. दरबार सुटला होता. सरदार आपापल्या लवाजम्यासह बाहेर पडत होते. दाटी झाली आणि खंडागळे या सरदाराचा हत्ती बिथरला. माणसे तुडवू लागला. लखुजीरावांचे थोरले पुत्र दत्ताजी त्याच्यावर तुटून पडले. हत्तीच्या बाजूने विठोजी भोसल्यांचे पुत्र, म्हणजे शहाजींचे चुलत भाऊ, संभाजी आणि खेलोजी धावले. हत्ती बाजूला राहिला आणि जाधव-भोसल्यांत जुंपली. संभाजींच्या हातून दत्ताजी ठार झाले.

लखुजीराव तोवर पुढे निघून गेले होते. मुलगा पडल्याचे कानावर येताच ते माघारी वळले. समोर भोसल्यांच्या बाजूने उभे होते खुद्द त्यांचे जावई. लखुजीरावांचा वार शहाजींच्या दंडावर बसला आणि शहाजी मूर्च्छित पडले. पुढे संभाजी सापडताच लखुजीरावांनी त्यांना ठार केले. शेवटी निजामशाहाने मध्ये पडून ही कत्तल थांबवली.

मुसाशीच्या द्वंद्वांत जिंकणारा आणि हरणारा असे दोघेच असत. प्रेत एका बाजूला, कीर्ती दुसऱ्या बाजूला. खंडागळ्यांच्या हत्तीच्या या प्रकरणात जिंकले कोण? लखुजीरावांनी मुलगा गमावला, विठोजींनी मुलगा गमावला. जिजाऊंचा भाऊ सासरच्या माणसाच्या हातून गेला, चुलत दीर वडिलांच्या हातून गेला, आणि नवऱ्याच्या दंडावरची जखम वडिलांनी केलेली. एका हत्तीपायी दोन घराणी फाटली, असे आपण सहज म्हणतो. पण फाटण्याची तयारी आधीपासून होती. सुलतानाच्या मर्जीसाठी दोन पागा एकमेकींशी स्पर्धा करत होत्या. ठिणगीला निमित्त हत्ती झाला.

१६२१ मध्ये, शहाजहान शाहजादा असताना, लखुजीराव मुघलांना मिळाले. मुघलांनी त्यांची किंमत ओळखली. त्यांना २४,००० जात आणि १५,००० स्वारांची मनसब, म्हणजे दरबारी हुद्दा, दिल्याचे ग्रँट डफ सांगतो. सोबत आलेल्या आप्तांनाही मोठ्या जागा मिळाल्या. एका मराठा सरदारासाठी मुघल दरबाराने इतका मोठा हात मोकळा केला, यावरून मलिक अंबरच्या लष्करात लखुजीरावांचे वजन किती होते ते लक्षात येते.

तीन वर्षांनी सासरा आणि जावई पुन्हा समोरासमोर आले. १६२४ सालची भातवडीची लढाई. नगरजवळच्या भातवडी गावापाशी मलिक अंबरने मुघल आणि विजापूरच्या जोडफौजेला गाठले. तिथल्या तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल केला, रात्री छापे घातले, रसद तोडली आणि मग घाव घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद पडला. निजामशाहीकडून शहाजी आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी लढत होते. शरीफजी मारले गेले. मुघलांच्या बाजूला होते लखुजीराव, आणि ती बाजू मोडली. शहाजींचे नाव इथून वर चढले. सिंदखेडच्या या मुरब्बी योद्ध्याने मात्र त्या दिवशी रणांगणातून माघार घेतली. वर्णने वाचताना मला नेहमी वाटते की ही लढाई जिजाऊंच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवी.

१६२६ मध्ये मलिक अंबर गेला आणि निजामशाहीचा आधारच गेला. मूर्तजा निजामशाह संशयी आणि कानाचा हलका. अंबरचा मुलगा फत्तेखान याला त्याने कैदेत टाकले. दरबारात गट पडले. अशा वेळी लखुजीराव मुघलांना सोडून निजामशाहीत परतले. पण ज्या माणसाने एकदा दहा हजार घोडी घेऊन उंबरठा ओलांडला, तो पुन्हा ओलांडणार नाही, याची खात्री मूर्तजाला वाटेना. सरदाराचे बळ हेच त्याच्या विरुद्धचे आरोपपत्र ठरले.

२५ जुलै १६२९. दौलताबादच्या किल्ल्यावर लखुजीराव मुजऱ्याला गेले. सोबत पुत्र अचलोजी आणि राघोजी, आणि हत्तीच्या प्रकरणात पडलेल्या दत्ताजींचा मुलगा यशवंतराव. रीतीप्रमाणे फौज बाहेर. मुजरा झाला, निजामशाह उठून आत गेला आणि दबा धरून बसलेले मारेकरी चारही बाजूंनी तुटून पडले. कट्यारी उपसल्या गेल्या, झटापट झाली, पण संख्येपुढे चौघांचे काय चालणार! आजोबा, दोन मुले आणि नातू, एकाच दालनात कापले गेले. दौलताबाद म्हणजे जुनी देवगिरी. ज्या यादवांचे रक्त आपल्यात आहे असे जाधव अभिमानाने सांगत, त्यांचीच ती राजधानी.

किल्ल्याबाहेर छावणीत म्हाळसाबाई होत्या, लखुजीरावांचे बंधू जगदेवराव होते, बहादुरजी होते. बातमी येताच ते उरलेल्या माणसांनिशी सिंदखेडकडे निघाले. जगदेवराव आणि बहादुरजींनी पुढे मुघलांची चाकरी धरली. शहाजींनीही निजामशाही सोडली आणि १६३० मध्ये काही काळ मुघलांकडे गेले. दंडावर वार करणाऱ्या सासऱ्याच्या खुनाने जावयाने दरबार सोडावा, यात मला त्या काळाच्या नात्यांची खरी गुंतागुंत दिसते. वैर आपले आपसात. पण धन्याने विश्वासाने आलेल्या चाकराला मारणे ही वेगळी गोष्ट. उद्या ती आपल्यावरही येणार, हे शहाजींना कळायला वेळ लागला नाही.

निजामशाहालाही हे पचले नाही. आपलेच खांब त्याने कापले होते. १६३२ मध्ये कैदेतून सुटलेल्या फत्तेखानाने मूर्तजाला ठार केले, १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांनी घेतले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली.

दौलताबादला हे खून झाले तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले, म्हणजे वडील, दोन भाऊ आणि भाचा यांच्या खुनाची बातमी आली तेव्हा पोटात दोन महिन्यांचा गर्भ असणार. सुतक, गर्भारपण आणि त्यापाठोपाठ १६३० ते १६३२ चा दख्खनमधला भीषण दुष्काळ. या बाईने नंतर पुण्यात उजाड जहागीर वसवली आणि मुलगा घडवला.

जिजाऊंनी मुलाला काय सांगितले याचे संवाद कोणी लिहून ठेवलेले नाहीत, आणि ते आपण रचूही नयेत. पण मुलाने पुढे काय केले ते कागदावर आहे. सभासदाच्या बखरीत शिवरायांच्या फौजेची रचना दिली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. घोडी सरकारी पागेची. शिलेदार होते, पण पागेच्या हुकमाखाली. पगार रोख किंवा वरातीने, म्हणजे सरकारी वसुलावरच्या चिठ्ठीने. सरदाराला गावे तोडून देण्याची चाल त्यांनी शक्य तिथे बंद केली. वतनदारांनी आपापल्या गावांत बांधलेले कोट आणि हुडे पाडायला लावले. आता लखुजीरावांच्या आयुष्याशी हे ताडून पाहा. स्वतःची फौज असलेला सरदार, त्याला भिणारा सुलतान आणि दोघांतला तो करार. त्या करारातले एकेक कलम नातवाने काढून टाकले. आजोबांच्या मरणाचा सूड म्हणून नव्हे. ती व्यवस्था माणसे खाते हे त्या घराने सोसून पाहिले होते म्हणून. मुसाशीचे शिष्य त्याची विद्या तशीच्या तशी जपत आले. लखुजीरावांचा वारसा त्यांच्या नातवाने, ते ज्या व्यवस्थेत जगले ती मोडून, पुढे नेला असे मी मानतो.

घराण्याचे दोन प्रवाह झाले. अचलोजींच्या वंशात धनाजी जाधव झाले, असे घराण्याची परंपरा सांगते. तेच धनाजी, संताजी घोरपड्यांसह ज्यांचा धसका मुघलांच्या घोड्यांनीही घेतला होता आणि त्यांना पाण्यात दोघांची छबी दिसे म्हणतात. संताजींनंतर ते स्वराज्याचे सेनापती झाले, आणि बाळाजी विश्वनाथ हे त्यांच्याच पदरी कारकून म्हणून पुढे आले. दुसरा प्रवाह सिंदखेडलाच राहिला, आधी मुघलांच्या आणि नंतर हैदराबादच्या निजामाच्या बाजूने. १७५७ मध्ये तर असे झाले की निजामाच्या चाकरीतले रामचंद्र जाधव सिंदखेडात अडकले आणि गावाला वेढा घालून बसले विश्वासराव पेशवे आणि दत्ताजी शिंदे. निजाम अली सोडवायला आला, तोही हरला. सव्वाशे वर्षांनंतरही सिंदखेडच्या जाधवांपुढे प्रश्न तोच होता: वतन कोणाच्या बाजूने उभे राहून राखायचे?

सिंदखेड राजा हे गाव जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या सीमेवर आहे. दर वर्षी १२ जानेवारीला इथे लाखोंची रीघ लागते, राजवाड्यात जिजाऊंच्या जन्मस्थानी लोक माथा टेकतात, जिजाऊ सृष्टीवर सभा होतात आणि पुस्तकांची दुकाने भरतात. मूर्तीपेक्षा पुस्तक घेऊन परतणारी जत्रा म्हणून मला तिचे फार अप्रूप आहे. पण गर्दीतला मोठा भाग राजवाड्यावरूनच परततो. गाव त्याहून बरेच मोठे आहे. काळाकोटाच्या जाडजूड भिंती आहेत, नीलकंठेश्वर आणि रामेश्वराची मंदिरे आहेत, मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत, सजना बारव आहे, आणि भिंतींवरल्या शिल्पांमुळे पुतळा बारव हे नाव पडलेली दुसरी बारव आहे. भातवडीला मलिक अंबरने तलाव फोडून लढाई जिंकली. जाधवांच्या सिंदखेडला तलाव बांधले गेले. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात देशमुखाचा कस लागतो तो पाणी अडवण्यात. लागवड वाढली तर वसूल, वसूल असेल तर घोडी, घोडी असतील तर दरबारात मान. तलवारीचे बळ इथल्या बांधावरून सुरू होत असे.

आणि समाधी. लखुजीराव आणि त्यांच्यासोबत पडलेली मुले-नातू यांचे हे स्मारक दगडी, चौरस, भक्कम आहे. कमानी आणि घुमट दख्खनी सुलतानांच्या इमारतींच्या धाटणीचे. ज्यांच्या दरबारात खून झाला, त्यांच्याच वास्तुशैलीत खून झालेल्याची समाधी उभी राहिली. त्या गवंड्यांना ती परकी वाटली नसावी. दख्खनमध्ये बांधायची उत्तम रीत तीच होती. आजोबा आणि नातू एका छताखाली असलेली ही जागा पाहिली की दौलताबादच्या त्या दालनाचा अंदाज येतो.

२०२४ च्या जूनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे नागपूरचे पथक या समाधीच्या परिसरात जतनाचे काम करत होते. जमिनीत काही दगड ओळीने लागले, ते एका मंदिराच्या पायाचे निघाले. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर, आधी लक्ष्मीची मूर्ती दिसली आणि मग पूर्ण शेषशायी विष्णू वर आला. १.७० मीटर लांब, एक मीटर उंच, हिरवट मऊ दगडात कोरलेला. पाय चेपणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचा देखावा, त्यात ऐरावत आणि अश्वही. हे शिल्प लखुजीरावांच्या कितीतरी आधीचे आहे. जाधवांनी ज्या गावची देशमुखी तलवारीने राखली, ते गाव त्यांच्या आधीही नांदते होते, एवढे त्याने नक्की केले. समाधीच्या भोवतालची जमीन अजून पुरती उकललेली नाही. पुढच्या १२ जानेवारीला सिंदखेडला जाल तेव्हा राजवाड्यातून निघून समाधीकडे वळा, आणि दिवस शिल्लक असेल तर पुतळा बारवेपर्यंत जा.